नववीतच सुरू होणारी दहावी

2025 साली महाशिवरात्र 26 फेब्रुवारीला आली आणि मध्य प्रदेश बोर्डाचा दहावीचा पहिला पेपर 27 तारखेला. पांढुर्णा जिल्ह्यातल्या मोहगावच्या अर्धनारीश्वराच्या देवळात शिवरात्रीला किती गर्दी उसळते हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. दहावीचे पोर असलेल्या घराला मात्र आदल्या रात्री लवकर दिवा मालवावा लागला, कारण सकाळी नऊला हिंदीचा पेपर होता. त्यात फेब्रुवारी-मार्च म्हणजे मृग बहाराच्या संत्र्याची तोड. बाप बागेत, आई घरात आणि मजुरांच्या मागे, आणि पोरगी पुस्तकात डोके घालून बसलेली. सौंसर आणि पांढुर्णा तालुक्यांत बोर्डाची परीक्षा दरवर्षी साधारण अशाच धामधुमीत येते.

त्या सकाळी केंद्राच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पालकांना वाटते, आता परीक्षा सुरू झाली. खरे तर ती दीड वर्षापूर्वीच, नववीच्या वर्गात सुरू झालेली असते. पेपर कसा लिहायचा यावर शिकवणीवाले आणि गावातले जाणते लोक पुष्कळ बोलतात. पोराचे नाव बोर्डाच्या दप्तरी कसे चढते, तिथून प्रवेशपत्र कसे निघते, प्रश्नपत्रिका कुठून येते आणि लिहिलेली उत्तरपत्रिका कुठे जाते, यावर फारसे कोणी बोलत नाही. एखाद्या पेपरात गेलेले पाच मार्क पुढच्या पेपरात भरून काढता येतात. नोंदणीत चुकलेले एक अक्षर सुधारायला मात्र वर्षे जातात, म्हणून या मुलखातल्या मराठी घरांनी ही बाजू नीट समजून घेतली पाहिजे.

मोहगाव आज पांढुर्णा जिल्ह्यात आहे. हा जिल्हा ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा निघाला आणि त्यात पांढुर्णा व सौंसर हे दोन तालुके आले. परीक्षेचा मालक मात्र जिल्हा नव्हे, भोपाळचे माध्यमिक शिक्षा मंडळ. लोक त्याला नुसते ‘एमपी बोर्ड’ म्हणतात, वर्तमानपत्रे ‘माशिमं’ लिहितात. हे मंडळ 1965 च्या कायद्यावर उभे आहे. शेजारच्या महाराष्ट्राच्या बोर्डाचा कायदाही 1965 चाच, आणि ते मंडळ 1966 च्या पहिल्या दिवसापासून चालू झाले. दोन्ही बोर्डे अशी एका वयाची आहेत. मोहगावच्या मुलीचा मामेभाऊ सावनेरला किंवा काटोलला असला, तर तो नागपूर विभागीय मंडळाची परीक्षा देतो आणि ही भोपाळची. दोघे एकाच घरात सुट्टी घालवतात, एकाच बोलीत भांडतात, पण त्यांचे फॉर्म, पेपरची वेळ, पास व्हायचे मार्क, सगळे वेगळे.

नववीत नाव घातले की शाळा मुलाचे बोर्डाकडे ‘नामांकन’ करते. दहावीच्या परीक्षेची ही खरी पायरी. शाळेची माणसे एमपी ऑनलाईनच्या पोर्टलवर मुलाचे नाव, आई-वडिलांची नावे, जन्मतारीख, फोटो आणि समग्र आयडी भरतात. समग्र आयडी ही मध्य प्रदेशाची खास चीज: प्रत्येक कुटुंबाला आठ आकडी आणि कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला नऊ आकडी क्रमांक. रेशनपासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळे त्यावर चालते, शाळेचे कामही. या नोंदणीतून जो नामांकन क्रमांक मिळतो तोच पुढे दहावीच्या प्रवेशपत्रावर आणि अंकसूचीवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, छापून येतो. नामांकन नसलेल्या मुलाला नियमित विद्यार्थी म्हणून दहावीचा फॉर्म भरता येत नाही.

मराठी घरांची अडचण नेमकी इथे होते. महाराष्ट्राच्या बोर्डात आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे नाव अशी सलग ओळ असते आणि आईचे नाव वेगळे लिहितात. मध्य प्रदेशात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव अशी तीन वेगळी घरे. त्यामुळे मोहगावच्या मुलाचे नाव कागदावर कधी नुसते नाव-आडनाव असते, कधी आधारवर वडिलांचे नाव मध्ये घातलेले असते, आणि जातीच्या दाखल्यावर तिसरीच तऱ्हा. त्यात ‘काळे’चे हिंदी नोंदीत ‘काले’ होते, इंग्रजीत ते कोणी एका तऱ्हेने लिहितो, कोणी दुसऱ्या. गावात ही तिन्ही नावे एकाच पोराची हे सगळ्यांना ठाऊक असते. कॉम्प्युटरला ते ठाऊक नसते. पुढे पासपोर्ट काढताना, फौजेच्या भरतीत, नागपूरच्या कॉलेजात, दहावीची अंकसूची हाच जन्मतारखेचा आणि नावाचा पुरावा धरतात, कारण तिच्यावर जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत दोन्ही छापलेली असते. म्हणून नववीत शाळा नोंदणीची प्रत दाखवते त्या दिवशी बापाने बागेतले काम थोडे बाजूला ठेवून शाळेत जावे आणि आधार, जन्मदाखला व ती प्रत शेजारी शेजारी धरून एक एक अक्षर ताडून पाहावे. अर्ध्या तासाचे काम आहे. शाळेवर सोडून देऊ नये, कारण एका बाबूपुढे शंभर-दीडशे पोरांची नावे असतात आणि त्यातली बरीच आडनावे त्याला ऐकूनही माहीत नसतात.

दहावीत परीक्षेचा फॉर्म पावसाळ्याच्या शेवटाकडे सुरू होतो. तोही शाळेतूनच, ऑनलाईन. ठरलेल्या तारखेपर्यंत साधी फी लागते, ती चुकली की विलंब शुल्काच्या पायऱ्या चढत जातात आणि शेवटच्या पायरीवर तो आकडा हजारांत जातो. मजुरी करणाऱ्या घराला तो परवडत नाही, म्हणून फीची पावती हाती आल्याशिवाय फॉर्म भरला गेला असे समजू नये. नियमित मुलाची हजेरी 75 टक्के असावी लागते. ज्याची शाळा सुटली, पण परीक्षा द्यायची आहे, तो ‘स्वाध्यायी’ म्हणून बसतो. महाराष्ट्रात याच वाटेला सगळे ‘सतरा नंबरचा फॉर्म’ म्हणतात. लग्न होऊन शाळा सुटलेल्या मुली आणि हॉटेलात, वीटभट्टीवर कामाला लागलेली पोरे या वाटेने दहावी करू शकतात. गावात अशा कोणाला फॉर्मची तारीख सांगणे हे मोठे काम आहे आणि ते शेजारीपाजारी कोणीही करू शकते.

फॉर्ममध्ये विषय भरतात तेव्हा आणखी एक गोष्ट ठरते. दहावीला सहा विषय: तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक विज्ञान. हिंदी आणि इंग्रजी तर असतातच. तिसऱ्या जागी बहुतेक शाळा संस्कृत भरतात. मराठीही तिसऱ्या भाषेच्या यादीत आहे. बोर्डाच्या वेळापत्रकात एक दिवस दरवर्षी असा असतो, ज्या दिवशी मराठी, गुजराती, पंजाबी आणि सिंधी या चार भाषांचे पेपर एकाच वेळी होतात. त्याच दिवशी मूकबधिर मुलांचा चित्रकलेचा आणि दृष्टिहीन मुलांचा संगीताचा पेपर असतो. भोपाळच्या त्या कागदावर मराठीला एवढीच एक ओळ मिळते, पण ती आहे, आणि बोर्डाने ती काढलेली नाही. शिकवायला मास्तर नाही, पुस्तक वेळेवर येत नाही, मुलेच फॉर्ममध्ये मराठी भरत नाहीत, म्हणून मास्तर येत नाही, असे हे रहाटगाडगे फिरते. मला वाटते, ते थांबवायची सुरुवात फॉर्मच्या त्या रकान्यातच होऊ शकते. ज्या घरात आजी-आजोबा मराठीशिवाय दुसरे बोलत नाहीत, त्या घरातल्या मुलाला संस्कृतची रूपे घोकण्यापेक्षा आपल्या भाषेतला निबंध सोपा जाईल. शाळेने नाही म्हटले, तर दहा पालकांनी एकत्र जाऊन प्राचार्यांना विचारावे. एकट्याचे म्हणणे कोणी मनावर घेत नाही.

आता पेपरकडे. 75 मार्कांची लेखी परीक्षा आणि 25 मार्क शाळेच्या हातातले, म्हणजे प्रोजेक्ट, प्रात्यक्षिक, वर्षभराचे काम. लेखीतले 30 मार्क वस्तुनिष्ठ प्रश्नांना असतात. पहिल्या पाच प्रश्नांत योग्य पर्याय निवडा, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, खरे-खोटे सांगा, एका वाक्यात उत्तर द्या, असे प्रकार येतात. मग दोन मार्कांचे बारा प्रश्न, तीन मार्कांचे तीन, चार मार्कांचे तीन. गोळाबेरीज 75. पास व्हायला 33 टक्के, म्हणजे लेखीत 25. नीट पाहिले तर लक्षात येते की कच्च्या मुलाने पुस्तक धडा धडा वाचून नुसते वस्तुनिष्ठ पक्के केले तरी तो काठावर पोचतो. गावात मात्र बहुतेक शिकवण्या मोठी उत्तरे पाठ करून घेण्यात मुलांचा दम काढतात. कच्च्या मुलाला जानेवारीत चार मार्कांच्या उत्तरांमागे लावणे म्हणजे त्याच्या हातातले 30 मार्क सोडून देणे. महाराष्ट्रात पास व्हायला 35 लागतात आणि लेखी परीक्षा बहुतेक विषयांत 80 मार्कांची असते. त्यामुळे नागपूरच्या नातेवाइकाकडून आणलेले गाइड मोहगावच्या मुलाला विषय समजायला उपयोगी पडेल, पेपरचा साचा समजायला पडणार नाही.

प्रश्नपत्रिकेची वाट वेगळीच आहे. ती छापून सीलबंद पाकिटांत येते आणि परीक्षेच्या दिवसापर्यंत पोलीस ठाण्यात राहते. मार्च 2023 मध्ये मध्य प्रदेश बोर्डाच्या प्रश्नपत्रिका टेलिग्रामवर फिरल्या, तेव्हापासून या टप्प्यावर बोर्डाची नजर जास्त कडक झाली. सकाळी केंद्राध्यक्ष ठाण्यातून पाकीट उचलतात, तेव्हा कलेक्टरचा प्रतिनिधी सोबत असतो. केंद्रावर मोबाइल चालत नाही, मास्तरचाही नाही.

मुलांची वेळही मिनिटांत बांधलेली आहे. केंद्रावर आठला यावे, साडेआठला वर्गात बसावे, पावणेनऊनंतर आत घेत नाहीत. नऊला दहा मिनिटे असताना उत्तरपुस्तिका मिळते, पाच असताना प्रश्नपत्रिका, आणि नऊला लिहायला सुरुवात. बारापर्यंत तीन तास. उत्तरपुस्तिकेच्या पहिल्या पानावर भरायची माहिती, म्हणजे रोल नंबर, विषय, तारीख, शांतपणे लिहायला त्या दहा मिनिटांचा उपयोग करावा. रोल नंबरातला एक आकडा इकडचा तिकडे झाला की तीन तासांची मेहनत दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकते. सौंसरकडच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांना पावणेनऊची अट सगळ्यात जड जाते. फाट्यावर उभे राहून बसची वाट पाहण्यापेक्षा दोन-तीन घरांनी मिळून परीक्षेपुरती एक गाडी ठरवलेली बरी. ज्याचा मोठा भाऊ मोटरसायकलवर सोडतो त्याचे काम भागते. मुलींचे तसे भागत नाही, आणि पोचण्याच्या धास्तीनेच त्यांचा पहिला तास वाया जातो.

महाराष्ट्रात पेपर सकाळी अकराला असतो. तिथे प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी देण्याची सोय होती. त्या दहा मिनिटांत पेपर मोबाइलवर फुटतो अशा अफवा उठू लागल्या, म्हणून 2023 पासून ती सोय बंद केली आणि तेवढीच दहा मिनिटे शेवटी जोडून दिली. पंचवीस पंचवीस पेपरांचे पाकीट आता थेट वर्गात उघडतात आणि पाकीट सीलबंद होते याची सही दोन मुलांकडून घेतात. मला हा नियम फार आवडतो. ज्याचा पेपर आहे त्यालाच साक्षीदार केले की संशयाला जागा उरत नाही.

नक्कल करणाऱ्याला मध्य प्रदेशात ज्या कायद्याखाली धरतात तो 1937 चा, मान्यताप्राप्त परीक्षा अधिनियम. तेव्हा मध्य प्रदेश हे राज्यच नव्हते. मध्य प्रांत आणि वऱ्हाड असा एक प्रांत होता, नागपूर त्याची राजधानी, आणि मराठी व हिंदी दोन्ही त्याच्या भाषा. मोहगाव त्या प्रांतात होते.  1 नोव्हेंबर 1956 ला राज्ये भाषेवर वाटली गेली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी मुलांचा पेपर त्यानंतर दुसऱ्या राज्याच्या हाती गेला. 1937 चा कायदा मात्र दोन्हीकडच्या आठवणीसारखा तसाच चालू राहिला. हिंदी पट्ट्यातल्या परीक्षा केंद्रावर आज जे कलम वाचून दाखवले जाते, त्या कायद्याचा प्रांत नागपूरवरून चालत होता.

दिव्यांग मुलांच्या सोयीबद्दल इथे थोडे थांबतो, कारण गावात ती माहीत नसते आणि मूल उगाच मागे पडते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ज्याला लिहायला अडचण आहे त्याला तासामागे किमान 20 मिनिटे वाढीव वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लिहून देणारा लेखनिकही मिळतो. पण हे सगळे प्रमाणपत्रावर अवलंबून असते आणि ते जिल्हा रुग्णालयातून आधी काढावे लागते. जानेवारीत धावाधाव करून ते हाती येत नाही. दिवाळीच्या आधीच ते काम संपवावे.

पेपर संपला की उत्तरपुस्तिका बांधून मूल्यांकनासाठी जातात. त्या मोहगावात तपासल्या जात नाहीत, आणि आपल्या शाळेच्या मास्तरांच्या हाती आपली उत्तरपुस्तिका पडत नाही. निकाल एप्रिल-मेमध्ये लागतो: 2024 मध्ये 24 एप्रिलला लागला, 2025 मध्ये 6 मेला. निकाल डिजिलॉकरवरही येतो, त्यामुळे कॅफेत रांग लावायची गरज आता राहिलेली नाही.

मार्क कमी वाटले तर दोन्ही बोर्डांचे रस्ते वेगळे आहेत आणि इथे बरेच पालक फसतात. महाराष्ट्रात आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेता येते आणि मग पुनर्मूल्यांकनाचा, म्हणजे पेपर पुन्हा तपासण्याचा, अर्ज करता येतो. मध्य प्रदेशात पुनर्गणना होते. बेरीज पुन्हा करतात, एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का ते पाहतात. उत्तर पुन्हा तपासून मार्क वाढवत नाहीत. नागपूरच्या मावशीने सांगितले म्हणून मोहगावच्या मुलाने ‘रीचेकिंग’ची आशा धरून बसू नये. त्यापेक्षा उत्तरपुस्तिकेची प्रत मागवावी, आणि आपण कुठे कमी पडलो ते स्वतः पाहावे.

नापास झालेल्यांसाठी 2025 पासून मोठा बदल झाला. पूर्वी ‘पूरक’ परीक्षा असायची, तिचा एक डाग मनाला लागायचा. आता मध्य प्रदेश बोर्ड वर्षात दोन परीक्षा घेते आणि दुसरी परीक्षा 2025 मध्ये 17 जूनला सुरू झाली. ज्याला मार्क वाढवायचे आहेत तोही तिला बसू शकतो. महाराष्ट्रात दहावीच्या नापासांसाठी जुलैची फेरपरीक्षा 2015 पासून आहे, त्याआधी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे आणि वर्ष बुडे. मध्य प्रदेशात निकाल लागल्यावर दुसऱ्या परीक्षेपर्यंत अभ्यासाला जेमतेम काही आठवडे मिळतात. त्यातले दोन आठवडे मुलाला बोल लावण्यात घालवू नयेत.

मोहगावकडची पुष्कळ मुले अकरावीला नागपूरला जाऊ पाहतात. तिथली अकरावी आता संपूर्ण महाराष्ट्रभर ऑनलाईन केंद्रीय प्रवेशाने होते. दुसऱ्या राज्याच्या बोर्डातून येणाऱ्याला भोपाळहून प्रव्रजन (मायग्रेशन) प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि महाराष्ट्राच्या विभागीय मंडळाकडून पात्रता प्रमाणपत्र. हे दोन कागद नसल्यामुळे बारावीचा फॉर्म अडकलेली मुले दरवर्षी भेटतात. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. महाराष्ट्रात मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. मोहगावात दहावी करून नागपूरला बारावी केली तर तो कोटा हातचा जातो. सीमाभागातल्या मराठी मुलांना इंजिनीअरिंगच्या प्रवेशात वेगळी सवलत आहे, पण ती कर्नाटकातल्या वादग्रस्त 865 गावांसाठी. सौंसर-पांढुर्ण्यातले एकही गाव त्यात नाही. म्हणून डॉक्टर व्हायचे मनात असलेल्या मुलाने दहावीचा निकाल लागल्यावर नव्हे, आठवीच्या शेवटी ठरवावे, कुठल्या बोर्डात नामांकन करायचे ते. मध्य प्रदेशातच शिकायचे ठरले तर मूळनिवासी दाखला त्याच वेळी काढून ठेवावा आणि नागपूरला जायचे ठरले तर नववीचा प्रवेशच तिकडे घ्यावा.